१० बाय १२ ची खोली आणि येणारं बाळ: कॉट कुठे, कपाट कुठे आणि कोटेशनमधलं काय खोडायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वाकडला आठव्या मजल्यावर २ बीएचके, दुसरी बेडरूम १० बाय १२, दारातून आत शिरलं की समोर पश्चिमेची मोठी खिडकी. बाळ जूनच्या शेवटी येणार. मिसेस मेमध्ये साताऱ्याला माहेरी जाणार, सप्टेंबरमध्ये बाळाला घेऊन परत येणार आणि मग तुमची आई मदतीला येऊन राहणार. इंटिरियरवाल्याने कोटेशन दिलंय, त्यात खिडकीखाली कॉट, कॉटला चारी बाजूंनी गुबगुबीत पॅड आणि वर झालर, चेंजिंग टेबल, डुलती खुर्ची, फॉल्स सीलिंगमध्ये चांदण्या, एका भिंतीला वॉलपेपर आणि एक कपाट. लेआउट बरोबर आहे का आणि सेफ आहे का असं विचारलंय.

मी पुण्यात बरीच वर्षं राहत्या फ्लॅटचीच कामं करते, बंगले वगैरे फार नाही, त्यामुळे अशी कोटेशन्स खूप बघितलीत. फोटो मस्त येईल यात शंका नाही. पण यातलं निम्मं मी खोडेन आणि उरलेल्यातलं निम्मं जागचं हलवेन. कारण सांगते. ही खोली बाळासाठी म्हणून काढलीये पण पहिलं वर्षभर ती वापरणार मोठी माणसं, म्हणजे रात्री तीनला अर्धवट झोपेत उठलेली आई, गुडघे दुखणारी आजी, तेलाने हात माखलेल्या मालिशवाल्या मावशी आणि ऑफिसच्या कॉलमधून उठून डायपर शोधणारे तुम्ही. यांना अंधारात, एका हातात बाळ धरून, कशाला न अडखळता वावरता आलं पाहिजे. मी प्लॅन नेहमी तिथून सुरू करते, कॉटची जागा त्यातून आपोआप निघते.

आणि त्याहीआधी एक, जे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. बाळाचे पहिले अडीच-तीन महिने साताऱ्यात जाणार आहेत. झोपेत श्वास कोंडण्याचे, अचानक दगावण्याचे जे प्रकार होतात त्यांचा धोका पहिल्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त असतो आणि तेव्हा बाळ तुमच्या चांदण्यांखाली नसणारच आहे. म्हणजे सगळ्यात आधी नीट करायची खोली तुमच्या सासरची. त्यावर शेवटी येते.

आता वाकडची खोली. रात्री बाळ कुठे झोपणार? सहा महिने तरी तुमच्याच बेडरूममध्ये, तुमच्या बेडशेजारी पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२२ चा सल्ला हाच आहे, खोली एक पण बिछाना वेगळा, निदान पहिले ६ महिने. आपल्याकडे पहिला भाग कोणाला सांगावा लागत नाही, तान्ह्या बाळाला वेगळ्या खोलीत ठेवा म्हटलं तर आजी घरातून निघून जाईल. दुसरा भाग मात्र सांगावा लागतो कारण आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं. इथे मी भांडत बसत नाही, फक्त कॉट इतकी जवळ लावून देते की दूध पाजून झालं की उचलून परत ठेवायचा कंटाळा येऊ नये. सगळ्यात वाईट म्हणजे सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणं, त्यापेक्षा बेड परवडला, हे बाबा लोकांनी विशेष लक्षात ठेवा.

म्हणून कॉट घ्यायच्या आधी तुमच्या बेडरूमच्या दाराचं माप घ्या. चौकटीचं बाहेरून नको, दार पूर्ण उघडल्यावर आत जी मोकळी जागा उरते ते माप. बऱ्याच फ्लॅटमध्ये ते अडीच-पावणेतीन फूट निघतं. कॉटची रुंदी त्याहून दोन-तीन इंच कमी हवी आणि चाकांना लॉक हवं. जोडलेला कॉट दारातून जात नाही म्हणून सुतार बोलावून खोलून परत जोडायचा, हा प्रकार फार घरांत होतो आणि परत जोडताना एखादा स्क्रू हमखास उरतो. बेडरूममध्ये तो मिसेस ज्या बाजूला झोपतात त्या बाजूला, उशाकडे. साइड टेबल काढून टाका आणि बेड विरुद्ध भिंतीकडे सरकवा. कॉटच्या पायथ्याकडे दोन फूट जागा सोडा कारण सिझर झालं असेल तर कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठावं लागतं, तिथे पाय टेकायला जागा पाहिजे.

कॉट घेताना मी काय बघते तर दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. गादी आणि कॉटच्या कडेमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, इथे बरेच जण फसतात, कॉट एका दुकानातून घेतात आणि गादी कापूसवाल्याकडून ‘अंदाजे’ करून आणतात. नवी पिंजलेली कापसाची गादी मऊ फुगीर असते, बाळाचं तोंड त्यात रुतू शकतं. गादी कडक आणि सपाट हवी, तळवा दाबून उचलल्यावर ठसा राहिला तर ती गादी बाळाची नाही. एक बाजू खाली सरकणारे जुने कॉट नातेवाइकांकडून येतात, ‘आमच्या तिन्ही पोरांनी वापरला’ म्हणून. ते घेऊ नका. अमेरिकेत २०११ पासून असे कॉट विकायला बंदी आहे कारण सरकणारी बाजू सैल होऊन फट पडायची आणि बाळ त्यात अडकायचं.

आणि ती चार बाजूंची गुबगुबीत पॅडं, झालर, जुळ्या उश्या, सॉफ्ट टॉय... सगळं कॅन्सल. ती पॅडंसुद्धा अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंद झालीत, आणि १० अंशांपेक्षा जास्त तिरके झोपवायचे बेडही त्याच कायद्याने. आपल्याकडे अजून गिफ्टमध्ये येतात. कॉटमध्ये काय असावं तर घट्ट बसवलेली चादर आणि पाठीवर झोपवलेलं बाळ. बास. डास असतात तुमच्या भागात हे मला माहितीये, त्यासाठी नीट ताणून बांधलेली, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. ती छत्रीसारखी उघडणारी छोटी जाळी बाळ हातपाय मारायला लागलं की तोंडाशी येते.

आता दुसरी खोली. दारात उभं राहून समोर खिडकी म्हणजे पश्चिम, डावा हात दक्षिण, उजवा उत्तर, आणि दार पूर्वेच्या भिंतीत डाव्या टोकाला, बरोबर ना? तुमच्या फोटोवरून तसंच दिसतंय. १० फूट ही खिडकीच्या भिंतीची लांबी आणि १२ फूट दारापासून खिडकीपर्यंत.

खिडकीखाली कॉट नाही. कधीच नाही, ग्रिल असलं तरी नाही. एक तर पश्चिमेची खिडकी, एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर ती भिंत तापते ती रात्री उशिरापर्यंत गरम असते, आणि पावसाळ्यात वारा तिकडूनच, झड आत येते. दुसरं म्हणजे पडद्याच्या दोऱ्या, विशेषतः ब्लाइंड्सच्या लूप असलेल्या, त्या बाळाच्या गळ्यात अडकतात. तिसरं, आज पालथंही न पडणारं बाळ वर्षाच्या आत कॉटची कड धरून उभं राहणार आणि तेव्हा समोर खिडकी असणार. फर्निचर एकदा लागलं की वर्षभराने कोणी हलवत नाही, सगळे म्हणतात हलवू, कोणी हलवत नाही.

माझा प्लॅन असा. डावीकडच्या भिंतीला दार उघडून टेकतं तेवढी तीन फूट जागा सोडून तिथून पुढे सहा फुटांचं, दोन फूट खोलीचं कपाट. त्याच्यापुढे खिडकीपर्यंत तीन फूट उरतात, ते रिकामे राहू द्या. तिथे स्टूल, मोडा, शू रॅक, खेळण्यांचा बॉक्स ठेवायचा मोह होईल, ठेवू नका, चढायला पायरी होते. उजवीकडे दाराच्याच भिंतीला कोपऱ्यात कॉटची जागा, ती भिंत आतली असल्यामुळे ना तापत ना ओल येत. मग एक फूट मोकळं सोडून उजव्या भिंतीला लांबीने ३ बाय ६ चा दिवाण. हिशोब बघा: कॉटची रुंदी साधारण अडीच फूट, मधला एक, दिवाण सहा, झाले साडेनऊ, म्हणजे दिवाणाचं टोक खिडकीपासून अडीच फूट लांब राहतं. तो मधला एक फूट कशाला? कारण चिकटवून लावलं तर सरकून दोन-चार इंचांची फट पडते आणि बाळ अडकतं ते नेमकं तेवढ्याशा फटीत. त्या एका फुटात दिवा, चार्जर, बास्केट काही नको.

कपाट दोन फूट, दिवाण तीन फूट, म्हणजे मध्ये पाच फूट रुंद आणि जवळजवळ खोलीभर लांब मोकळी फरशी मिळते. ही मोकळी फरशी तुमच्या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. मालिश इथे होणार, बाळ पालथं इथे पडणार, रांगणार इथे, आणि लंगोट-डायपर बदलणंही शक्यतो इथेच.

म्हणजे चेंजिंग टेबल पण गेलं. तीन फूट उंचीच्या टेबलावरून एक हात वाइप्स घ्यायला वळला की दुसऱ्या सेकंदाला बाळ कुशीवर. जमिनीवर सतरंजी, त्यावर प्लास्टिकचं शीट आणि दुपटं, याच्यावरून पडून पडणार कुठे? सिझरनंतर खाली बसता येत नाही हे खरंय, तेव्हा दिवाणावर बदला, दिवाणाच्या भिंतीकडच्या बाजूला, आणि एक हात कायम बाळावर. लागणारं सगळं, डायपर, पुसायचे कपडे, क्रीम, हात पुरेल अशा एका टोपलीत. टोपली उचलून तुमच्या बेडरूममध्येही नेता येते, टेबल नेता येत नाही.

डुलती खुर्चीही नको. दोन कारणं, तिच्या पायाखाली रांगणाऱ्या बाळाची बोटं येतात आणि साडी अडकते. दूध पाजायला दिवाण उत्तम, भिंतीला पाठ, पण तीन फूट खोल असल्यामुळे पाठीमागे लोड लागतो. घरातले लोड-तक्के असे आईच्या पाठीशी वापरा. बाळ पडू नये म्हणून ते त्याच्या दोन्ही बाजूंना लावायची जी पद्धत आहे ती बंद करा, श्वास कोंडायला तेवढं पुरतं. शिवाय दिवाण तुमच्या आईलाही झोपायला होईल, ती कुठे झोपणार याचा विचार कोटेशनमध्ये कोणी केलेलाच नाहीये, बहुतेक हॉलमधल्या सोफ्यावर.

दिवाणाची उंची गादीसकट १७-१८ इंच ठेवा, सुतार स्टोरेज वाढवायला २२ इंच करून देतात, मग आजीचे पाय टेकत नाहीत. आणि हायड्रॉलिक झाकण नको, समोरून ड्रॉवर करा. हायड्रॉलिकचा गॅस संपत आला की झाकण धाडकन पडतं.

कपाटाचं. भिंतीला फिक्स करा, आणि मोकळं तयार आणलं तर मागून वर एल-अँगल मारून भिंतीला बांधा. ड्रॉवर उघडून त्यावर पाय देऊन चढणं हे दीड-दोन वर्षांच्या पोरांचं आवडतं काम आहे आणि मोकळं ड्रॉवर-युनिट तेवढ्या वजनाने पुढे कलंडतं. तुमची बिल्डिंग मिवानची, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेली असेल तर भिंती काँक्रीटच्या, साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल घेऊन या म्हणून सुताराला आधीच सांगा नाहीतर तो ‘होत नाही मॅडम’ म्हणून दोन बाजूंना फेविकॉल लावून निघून जातो. खालचे दोन कप्पे बाळाच्या कपड्यांना, औषधं आणि ग्राइप वॉटर वगैरे वरच्या कुलूपबंद कप्प्यात. कापूर पण वर. थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येतात, आणि आपल्या घरांत तो देवघरापासून मच्छर पळवण्यापर्यंत सगळीकडे पडलेला असतो. रिमोट, वाजणारी खेळणी, डिजिटल थर्मामीटर यातले बटण सेल स्क्रूने बंद होणारेच हवेत, गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजतो.

खिडकी-ग्रिल या विषयावर मी हट्टी आहे. आठवा मजला म्हणताय आणि ग्रिल नाही कारण सोसायटी एलिव्हेशन खराब होतं म्हणून परवानगी देत नाही. आतून लावा, आतून कोणी अडवत नाही. उभ्या सळ्या, आडव्या नाहीत, आडव्या म्हणजे शिडीच. दोन सळ्यांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर. आग लागली तर बाहेर पडायला एक झडप उघडणारी ठेवा, किल्ली वर खिळ्याला, मोठ्यांच्या हाताला येईल अशी. स्टीलच्या तारांचं ते ‘इनव्हिजिबल’ ग्रिल पण चालतं, फक्त तारा जवळ आणि ताणलेल्या हव्यात, वर्षा-दोन वर्षांनी सैल होतात, परत ताणून घ्याव्या लागतात. आणि मच्छरजाळीला कृपया सेफ्टी समजू नका. ती मूल टेकलं की फ्रेमसकट निघून येते. बाल्कनीला पण हेच, आणि तिथल्या मोठ्या कुंड्या रेलिंगपासून लांब. घरातला मनीप्लांट आणि डिफेनबेकिया वर टांगा किंवा कोणाला तरी देऊन टाका, चावला की तोंड सुजतं.

दाराच्या कड्या! हे कोणी लिहीत नाही. मूल चालायला लागलं की आतून कडी लावून बसतं, बाहेर आई रडते आत मूल रडतं, शेवटी फायर ब्रिगेड नाहीतर दार तोडणं. आतली खालची कडी काढून टाका, टॉवर बोल्ट हवाच असेल तर दाराच्या अगदी वर, आणि लॉक असं घ्या की बाहेरून नाण्याने उघडेल. बाथरूमलाही तेच. दार वाऱ्याने आपटतं त्यासाठी मॅग्नेटचा स्टॉपर, बोटं चेपण्याचे अपघात सगळ्यात जास्त बिजागरीच्या बाजूला होतात.

लाइटचं काम कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. स्कर्टिंगच्या वर, दार ते दिवाण या वाटेवर एक मंद पिवळसर फूटलाइट, आणि तसाच एक तुमच्या बेडरूममध्ये. रात्री ट्यूब लावली की बाळ टक्क जागं आणि मग दोन तास गेले. दिवाणाजवळून हाताला येईल असा एक स्विच. खाली असलेले सॉकेट शटरवाले घ्या, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर अजिबात नको. मच्छरचं लिक्विड मशीन वरच्या पॉइंटला लावा, खालच्या सॉकेटला लावलं की मूल ते उपसून तोंडात घालतं. आणि डीबीमध्ये (घरातल्या मेन स्विचच्या बॉक्समध्ये) ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा, असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का तेही बघा, कित्येक घरांत तो नुसता शोभेला असतो. पंख्याचा पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या.

एसी तुमचा खिडकीच्या वर आहे आणि कॉटची जागा समोरच्या टोकाला, म्हणजे झोत थेट तिकडे जाणार. त्याच्या पट्ट्या वर करून ठेवा, झोत छताला लागून पसरू दे, आणि २४ ते २६. बाळाचा घाम येतोय का ते मानेवर हात लावून बघा, हातपाय थंडच असतात त्यांचे, ते बघून आजी अजून एक टोपरं चढवते. झोपताना घरात टोपरं नको.

फॉल्स सीलिंगच्या चांदण्यांना माझी हरकत सेफ्टीची नाहीये, पैशाची आहे. एक गोष्ट मात्र आहे, पाळणा टांगणार का? बारशाला आणि पुढे वर्षभर बऱ्याच घरांत हवाच असतो. हूक मूळ स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये अँकर फास्टनरने बसवावा लागतो, पीओपीच्या छतात तो धरत नाही, आणि पंख्याच्या हुकाला तर पाळणा लावूच नये. म्हणजे सीलिंग करायच्या आधी हूक, नाहीतर परत तोडफोड. हूक बसवल्यावर मोठ्या माणसाने धरून लोंबकळून बघायचं, मगच बाळ. पाळणा खाली ठेवायचा तेवढ्या उंचीवर, जमिनीपासून दीड-दोन फूट, आणि बाळ हातांवर रेटा देऊन उठायला लागलं की त्याची मुदत संपली. वर टांगलेली खेळणीही तेव्हाच काढायची.

वॉलपेपर पश्चिमेच्या भिंतीला सांगितलाय, म्हणजे जिथे ओल येण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच. पहिल्या पावसात मागून काळी बुरशी. त्याऐवजी धुता येणारा साधा इमल्शन. शिशाची भीती नव्या रंगांत फार नाही, २०१७ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, पण जुन्या घराच्या खिडक्या-ग्रिलचा ऑइलपेंट पोपडे धरत असेल तर तो खरवडून घ्यायचं काम बाळ घरात नसताना. खेळण्यांनाही २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, जत्रेतल्या खुळखुळ्यावर तो शोधू नका, घेऊच नका. कलर कुठला ते तुम्ही ठरवा, बाळाला काही फरक पडत नाही.

फरशी व्हिट्रिफाइड असणार. त्यावर मालिशचं तेल सांडलं की घसरगुंडी, आणि सतरंजीही सरकते. सतरंजीखाली रबराची जाळी टाका आणि मालिश झाल्यावर मावशी गेल्या की फरशी साबणाच्या पाण्याने पुसायची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरवा (तुमची). कोडी जोडतात तसल्या फोमच्या मॅटचे तुकडे मुलं चावून तोडतात. साधारण सव्वा इंचाच्या आत बसणारी कुठलीही वस्तू घशात अडकू शकते हा हिशोब सगळीकडे लावा, मनगट्यांच्या मण्यांपासून. वॉकरसाठी जागा ठेवू नका, कॅनडात २००४ पासून तो विकायला बंदी आहे, आपल्याकडे मामा हौसेने आणतो.

आंघोळ पॅसेजमधल्या बाथरूमला होणार, तिथे मावशीला पाटावर पाय पसरून बसायला जागा हवी म्हणून वॉशिंग मशीन आत असेल तर बाहेर काढा. बादलीत आधी गार पाणी मग गरम, उलट नाही, आणि वापरून झाली की बादली पालथी. थोड्याशा पाण्यातसुद्धा रांगतं मूल बुडतं. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर ते आधी बदला, बंद बाथरूममध्ये त्याचा वायू साठतो आणि वासही येत नाही. धुरीचंही तेच, ओवा-बाळंतशोपा टाकून शेगडी बंद खोलीत ठेवतात, निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड बाळाला आणि बाळंतिणीला दोघांनाही घातक. मी घरच्यांना सांगते नकोच, पण कोणाचं ऐकलं जात नसेल तर निदान दार-खिडकी उघडी आणि बाळ दुसऱ्या खोलीत.

काम कधी काढायचं? मिसेस साताऱ्याला गेल्या की दुसऱ्या दिवशी. सुतारकाम, घासकाम, पॉलिश हे गरोदर बाईच्या नाकाशी करू नये. मे महिन्यात सगळं उरकलं तर सप्टेंबरपर्यंत प्लाय आणि केमिकलचा वास निघून जायला वेळ मिळतो. जूनवर ढकललंत तर दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं आणि सुतार गावाला पेरणीला जातात. कपाटाची दारं आणि ड्रॉवर महिनाभर उघडे ठेवा, बंद करून ठेवलं तर वास आतच मुरतो. घरात बाळासाठी आधी काही आणू नये असं मानत असतील तर ते पण सांभाळता येतं, खोलीचं काम करून ठेवा आणि कॉट नंतर आणा, तसाही तो सप्टेंबरलाच लागणार आहे. पावसात लंगोट-दुपटी वाळत नाहीत म्हणून लोक खोलीतच दोऱ्या बांधतात, त्याची सोय बाल्कनीत छताला वर ओढायच्या स्टँडने करा.

आता सातारा. तुम्ही तिथे फर्निचर करणार नाही आणि करायची गरजही नाही. मिसेस ज्या खोलीत झोपणार तिथे एक कडक सपाट गादी, बाळाची वेगळी, आईच्या हाताच्या अंतरावर. आई जमिनीवर गादी घालून झोपत असेल तर बाळाची गादीही शेजारी जमिनीवर चालेल, वेगळी मच्छरदाणी लावून. साडीच्या झोळीत बाळ वाकडं होऊन हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते, म्हणून झोळी कोणी शेजारी बसलेलं असताना, बाळ जागं असताना. गाढ झोपलं की उचलून गादीवर, पाठीवर. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करून ठेवली असेल, बहुतेक ठेवली असेलच, ती नको. माळ्यावरच्या ट्रंकेतले जुने कपडे बाळाला घालायला निघतात, त्यात डांबर गोळ्या असतात. ज्या बाळांना जी६पीडीची (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमतरता असते त्यांच्या रक्तपेशी त्या वासाने, कपड्यांतून सुद्धा, फुटतात आणि कावीळ वाढते, आणि ही कमतरता बाळाला आहे की नाही हे जन्मताच कोणाला माहीत नसतं. कपडे आधीच बाहेर काढून, धुऊन, कडक उन्हात दोन-तीन वेळा वाळवून ठेवायला सांगा, मेमध्ये ऊन आहे तोवर. गळ्यात काळा दोरा नको, बांधायचाच तर पायात.

हे सगळं जावयाने सासूबाईंना फोनवर सांगायचं म्हणजे अवघड आहे, मला कळतंय. तुम्ही सांगूच नका. डिस्चार्जच्या वेळी बाळाचे डॉक्टर राउंडला येतील तेव्हा सासूबाईंना समोर उभं करून तुम्ही फक्त विचारा, ‘डॉक्टर, उशी कधीपासून द्यायची?’ आणि ‘झोळीत रात्रभर ठेवलं तर चालेल का?’ उत्तर ते देतील.

इंटिरियरवाल्याला कपाट, दिवाण, ग्रिल, फूटलाइट आणि पाळण्याचा हूक एवढ्याचं नवीन कोटेशन मागा, आणि ग्रिलचं काम सगळ्यात आधी चालू करायला सांगा, फॅब्रिकेटर मे महिन्यात भेटत नाहीत.